‘मोल्टन’ की ‘मेल्टेड’? नेमका शब्द निवडायची पद्धत, टप्प्याटप्प्याने

‘द आइस इज मोल्टन.’ तपासायला येणाऱ्या मजकुरात हे वाक्य किंवा त्याची भावंडं मला सतत भेटतात. ‘द बटर हॅज मोल्टन’, ‘वी मोल्टन द वॅक्स’, आणि उलट दिशेने, ‘मोल्टन सॉल्ट’चं मराठी ‘विरघळलेलं मीठ’. लिहिणाऱ्यांचं इंग्रजी कच्चं असतं असं नाही. घोळ मराठीतून येतो. आपल्याकडे ‘वितळलेला’ हा एकच शब्द दोन कामं करतो. इंग्रजीने ती कामं दोन शब्दांना वाटून दिली आहेत.

‘मेल्टेड’ घडलेली गोष्ट सांगतो: पदार्थ वितळला. ‘मोल्टन’ आत्ताची अवस्था सांगतो: पदार्थ या क्षणी तापून रस झालेला आहे. खालचे टप्पे या फरकावरच उभे आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करा, कारण पहिल्या टप्प्यावर चुकलेला पदार्थ पुढच्या एकाही चाळणीत अडकत नाही.

तयारी: लिहिण्याआधी तीन उत्तरं

वाक्य मनात जुळवण्याआधी कागदावर तीन गोष्टी टिपा. पदार्थ कोणता? तो द्रव कशामुळे झाला, उष्णतेमुळे की दुसऱ्या द्रवात मिसळल्यामुळे? आणि ज्या क्षणाबद्दल तुम्ही लिहिता आहात त्या क्षणी तो द्रव आहे की पुन्हा घट्ट झाला आहे?

यातलं तिसरं उत्तर लोक गाळतात आणि नंतर शब्दकोशाला दोष देतात. शब्दकोशात ‘मोल्टन’समोर ‘वितळलेला, रसरूप’ असं लिहिलेलं असतं. ते बरोबरच आहे, पण त्यात काळ नाही.

सोबत काही द्रवणांकही हाताशी ठेवा. तिसऱ्या टप्प्यात त्यांची गरज पडेल. पारा उणे 38.8 अंश सेल्सिअस, गॅलियम 29.8, गंधक सुमारे 115, कथील 232, शिसं 327, जस्त 420, अॅल्युमिनियम 660, मीठ 801, चांदी 962, सोनं 1064, तांबं 1085, सिलिकॉन 1414, लोखंड 1538, टंगस्टन 3422. काचेला असा ठरावीक आकडा नाही. ती तापत जाते तशी हळूहळू मऊ पडते आणि मग वाहू लागते.

टप्पा 1: विरघळणं आधी बाजूला काढा

बोलताना आपण ‘बर्फ विरघळला’ असं बिनदिक्कत म्हणतो. घरात ते चालतं, शास्त्रात मात्र नाही. साखर पाण्यात विरघळते, तेव्हा दोन पदार्थ लागतात: एक विरघळणारा आणि एक विरघळवणारा. बर्फ वितळतो, तेव्हा पदार्थ एकच असतो. फक्त उष्णता आत येते आणि घन अवस्था सुटते. इंग्रजीत पहिल्या क्रियेला ‘डिझॉल्व्ह’, दुसरीला ‘मेल्ट’. ‘मोल्टन’ फक्त दुसऱ्या घरातला आहे.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही, त्यावर निष्कर्ष बदलतात. मिठाचं उदाहरण घ्या. ‘मोल्टन सोडियम क्लोराइड’ म्हणजे 801 अंशांच्या वर तापवून रस केलेलं मीठ. त्यात पाण्याचा थेंबही नाही. त्यातून वीज सोडली की एका अग्राशी सोडियम धातू मिळतो आणि दुसऱ्याशी क्लोरीन वायू. आता तेच मीठ पाण्यात विरघळवा आणि दाट द्रावणातून वीज सोडा. क्लोरीन मिळेल, पण सोडियमऐवजी हायड्रोजन वायू बाहेर येईल आणि द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड साठेल. प्रश्नात ‘मोल्टन’ लिहिलेलं असताना विद्यार्थ्याने मनात ‘विरघळलेलं’ वाचलं, तर पुढचं सगळं उत्तर वाहून जातं.

दोन्ही क्रिया एकाच वाक्यात येतात अशीही जागा आहे. सरावाला तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. अॅल्युमिनियम काढण्याची जी पद्धत 1886 साली शोधली गेली आणि आजही वापरात आहे, तिच्यात अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) थेट वितळवत नाहीत. त्याचा द्रवणांक 2000 अंशांच्या वर आहे, इतकं तापवणं परवडणार नाही. म्हणून क्रायोलाइट हे खनिज वितळवतात आणि त्या वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अॅल्युमिना विरघळवतात. काम सुमारे 960 अंशांवर भागतं. म्हणजे क्रायोलाइट ‘मोल्टन’, अॅल्युमिना ‘डिझॉल्व्ड’. मराठीत ‘वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळलेला अॅल्युमिना’. या चार शब्दांत क्रियापदांची अदलाबदल करून बघा, वाक्य ऐकायला ठीक वाटेल आणि पूर्ण खोटं असेल.

तपासणी: ‘कशात?’ असा प्रश्न विचारा. ‘पाण्यात’, ‘आम्लात’, ‘क्रायोलाइटमध्ये’ असं उत्तर आलं तर ते विरघळणं आहे, ‘मोल्टन’ खोडा. उत्तर ‘कशात नाही, नुसतं तापलं’ असं आलं तर पुढे चला.

टप्पा 2: आत्ता द्रव आहे का ते ठरवा

भिंतीवर आगीत ओघळलेलं आणि नंतर गार झालेलं प्लास्टिक चिकटलेलं आहे. ते वितळलं होतं हे नक्की. ते आत्ता वितळलेल्या अवस्थेत आहे का? नाही, पुन्हा घट्ट झालंय. इंग्रजीत ते ‘मेल्टेड प्लास्टिक’. आग लागलेली असताना छतावरून जे ठिबकत होतं ते ‘मोल्टन प्लास्टिक’. पहिल्याला हात लावता येतो. दुसऱ्याला लावलात तर ते कातडीसकट निघेल.

मेणबत्तीचंही तसंच. वातीभोवतीचं डबकं ‘मोल्टन वॅक्स’ आहे, त्याला ‘मेल्टेड वॅक्स’ म्हटलं तरी चूक नाही. पण टेबलावर थिजलेला ओघळ फक्त ‘मेल्टेड’. म्हणजे ‘मेल्टेड’ दोन्हीकडे जाऊ शकतो, ‘मोल्टन’ एकाच जागी बसतो. म्हणून शंका असली की ‘मेल्टेड’ लिहा. चुकण्याची शक्यता खूप कमी होते.

मालवाहतुकीच्या नियमांत हा फरक किती काटेकोर पाळला जातो ते बघण्यासारखं आहे. धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत क्रमांक दिलेले असतात. घन गंधकाचा क्रमांक 1350. तेच गंधक वितळलेल्या अवस्थेत टँकरमधून न्यायचं असेल तर क्रमांक 2448, आणि नावात ‘मोल्टन’ हा शब्द येतो. पदार्थ एकच, पण अपघात झाला तर येणारी संकटं वेगळी. हा टँकर थंड होऊन आतलं गंधक घट्ट झालं, तर ते गंधक पूर्वी वितळलं होतं एवढ्यावरून ते ‘मोल्टन’ राहत नाही.

इशारा: बायबलच्या 1611 सालच्या इंग्रजी भाषांतरात सोन्याच्या वासराला ‘मोल्टन काफ’ म्हटलं आहे. ते वासरू वितळत नव्हतं. तिथे जुन्या अर्थाने ‘मोल्टन’ म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून घडवलेलं, मराठीत ‘ओतीव’. जुना मजकूर अनुवादाला आला तर हा अपवाद लक्षात ठेवा. आजच्या लिखाणात तो अर्थ वापरू नका.

टप्पा 3: हा पदार्थ ‘मोल्टन’ म्हणवून घेण्याजोगा आहे का?

इथे व्याकरण संपतं आणि कान सुरू होतो. ‘मोल्टन’ अशा पदार्थांना शोभतो जे रोजच्या तापमानाला घट्ट असतात आणि ज्यांना द्रव करायला चांगलीच धग लागते. धातू, काच, खडक, क्षार, गंधक, मेण, प्लास्टिक. त्या शब्दातच भट्टीची ऊब आहे.

म्हणून पाण्याला ‘मोल्टन आइस’ म्हणत नाहीत, जरी तर्काने ते तसंच आहे. बर्फ, हिम, आइस्क्रीम, गोठवलेलं अन्न यांच्यासाठी ‘मेल्टेड’, किंवा गोठलेलं सुटलं असेल तर ‘थॉड’. हिमनदीतून येणाऱ्या पाण्याला तर ‘मेल्टवॉटर’ असा स्वतंत्र जोडशब्दच आहे.

पाऱ्याला ‘मोल्टन मर्क्युरी’ म्हणत नाहीत. तो आपल्या ओळखीच्या तापमानाला द्रवच असतो, त्याला कोणी वितळवलेलं नसतं, म्हणून ‘लिक्विड’. गॅलियम तळहातावर वितळतं, तरी शास्त्रीय लेखांत त्याच्यासाठी बहुधा ‘लिक्विड गॅलियम’ सापडेल. अणुभट्टीत उष्णता वाहून नेणारं सोडियमही बहुतेक वेळा ‘लिक्विड सोडियम’, जरी त्याला वितळायला 98 अंश लागतात. इथे नियम सांगता येत नाही, त्या त्या क्षेत्राची सवय बघावी लागते. अमुक अंशांच्या वर ‘मोल्टन’ आणि खाली ‘लिक्विड’ अशी रेघ कोणी ओढून दाखवली तर विश्वास ठेवू नका.

खाण्याच्या पदार्थांत ‘मेल्टेड’ हा साधा, बरोबर शब्द. लोणी आणि चॉकलेट 30 ते 40 अंशांच्या आसपासच पातळ होतात, भट्टीची भाषा त्यांना कशाला? मधोमध पातळ चॉकलेट असलेल्या केकच्या नावात ‘मोल्टन’ येतो तो मुद्दाम, कापल्यावर लाव्हासारखं वाहताना दिसावं म्हणून. ते नाव आहे, नियम नाही. कृती लिहिताना ‘दोन चमचे मोल्टन बटर’ लिहिलंत तर वाचणारा हसेल.

इशारा: वस्तुस्थितीच्या चुका याच टप्प्यावर होतात, आणि त्या भाषेच्या आड लपतात. ‘पृथ्वीचं प्रावरण मोल्टन आहे’ हे वाक्य शाळेच्या निबंधांपासून लोकप्रिय लेखांपर्यंत सगळीकडे फिरतं. व्याकरण निर्दोष, माहिती चुकीची. प्रावरणाचा बहुतांश भाग घन खडकच आहे; तो लाखो वर्षांत अतिशय सावकाश सरकतो, पण घन राहून. वितळलेला आहे तो बाह्य गाभा, साधारण 2,900 ते 5,150 किलोमीटर खोलीवरचा, मुख्यतः लोखंड आणि निकेलचा. त्याच्या आतला गाभा अधिक तापलेला असूनही प्रचंड दाबामुळे घनच आहे. ‘खूप गरम’ म्हणजे आपोआप ‘मोल्टन’ नाही.

टप्पा 4: वाक्यात शब्दाची जागा

आता व्याकरण. खरं तर हा सगळ्यात सोपा टप्पा, पण चुका मोजल्या तर सगळ्यात जास्त इथेच.

‘मोल्टन’ आज फक्त विशेषण आहे. एके काळी तो ‘मेल्ट’चं भूतकाळवाचक धातुसाधित होता, म्हणूनच त्याचा चेहरा क्रियापदासारखा दिसतो. ‘ड्रंकन’, ‘संकन’, ‘श्रंकन’ यांचीही तीच गत: चेहरा क्रियापदाचा, काम विशेषणाचं. म्हणून ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’ यांच्यानंतर ‘मोल्टन’ येत नाही. ‘द स्नो हॅज मेल्टेड’, बस. ‘वी मोल्टन द वॅक्स’ नाही, ‘वी मेल्टेड द वॅक्स’. ‘टू मोल्टन’ असं क्रियापद नाही आणि ‘मोल्टन्ड’ हा शब्दच नाही.

नामाच्या आधी तो सहज बसतो: ‘मोल्टन आयर्न’, ‘मोल्टन ग्लास’. ‘इज’, ‘वॉज’, ‘रिमेन्स’ यांच्यानंतरही चालतो, अवस्था सांगायची असेल तर: ‘द आउटर कोअर इज मोल्टन’, ‘व्हाइल इट वॉज स्टिल मोल्टन’. गोंधळ होतो तो ‘वॉज’पाशी. ‘द आयर्न वॉज मेल्टेड इन अ फर्नेस’ म्हणजे लोखंड भट्टीत वितळवलं गेलं. कोणीतरी ती क्रिया केली. ‘द आयर्न वॉज मोल्टन’ म्हणजे लोखंड त्या वेळी रसरूप होतं. पहिल्यात कृती आहे, दुसऱ्यात अवस्था.

तपासणी: तुमचं वाक्य मराठीत दोन प्रकारे म्हणून पाहा. ‘वितळलं’ किंवा ‘वितळवलं’ असं क्रियापद बसत असेल तर इंग्रजीत ‘मेल्टेड’. ‘रस झालेला आहे’, ‘रसरशीत पातळ आहे’ असं वर्णन बसत असेल तर ‘मोल्टन’.

तुलनेची रूपं करू नका. ‘मोअर मोल्टन’ ऐकायला विचित्र लागतं, कारण पदार्थ रस झालेला असतो किंवा नसतो. मधली स्थिती सांगायची तर ‘पार्शली मोल्टन’ किंवा ‘सेमी-मोल्टन’.

स्पेलिंग एम-ओ-एल-टी-ई-एन. उच्चार ‘मोल्टन’, जोर ‘मो’वर, ‘मॉल्टन’ नाही, ‘मोल्टेन’ही नाही. पक्ष्यांनी पिसं गाळण्याला इंग्रजीत जो ‘मोल्ट’ शब्द आहे त्याच्याशी याचं काही नातं नाही.

टप्पा 5: शेजारचे शब्द ओळखा

‘मोल्टन’च्या आजूबाजूला काही शब्द वावरतात. ते ओळखीचे वाटतात, म्हणूनच फसवतात.

‘फ्यूज्ड’. जुन्या रसायनशास्त्रात ‘फ्यूज्ड सोडियम क्लोराइड’ म्हणजे वितळलेलं मीठच, म्हणजे ‘मोल्टन’. पण ‘फ्यूज्ड सिलिका’ ही आज हातात धरता येणारी घट्ट काच आहे. वितळवून बनवली, आता घन. त्यात ‘फ्यूजन’ हा शब्द अणुकेंद्रकं एकत्र येण्यालाही वापरतात आणि साध्या वितळण्यालाही. ‘लेटन्ट हीट ऑफ फ्यूजन’मध्ये अणूंचा काही संबंध नाही, तो वितळण्याचा अप्रकट उष्मा आहे. मी एका अनुवादात ‘बर्फाच्या संमीलनाची उष्णता’ वाचली आहे. बर्फाचा सूर्य झाला म्हणायचा!

‘स्मेल्ट’. दिसायला ‘मेल्ट’च्या आधी एक अक्षर, काम वेगळं. खनिजापासून धातू मिळवणं म्हणजे ‘स्मेल्ट’. त्यात उष्णतेबरोबर रासायनिक बदलही होतो. जुनी नाणी वितळवून कोणी साच्यात ओतत असेल तर तो ‘स्मेल्ट’ करत नाही, नुसता ‘मेल्ट’ करतो.

‘मेल्ट’, पण नाम म्हणून. धातुशास्त्रात आणि भूशास्त्रात ‘द मेल्ट’ म्हणजे समोरचा तो रस. सिलिकॉनचा स्फटिक ‘मेल्ट’मधून वर खेचतात असं वाचलंत तर तिथे क्रिया शोधू नका, पातेल्यातला द्रव शोधा.

‘हॉट मेटल’. हा मला स्वतःला नडलेला. पोलाद कारखान्याच्या एका माहितीपत्रकात मी याचं ‘तापलेला धातू’ केलं आणि भट्टीवर काम केलेल्या एका गृहस्थांनी कागद परत पाठवला. झोतभट्टीतून बाहेर येणाऱ्या, सुमारे 1500 अंशांच्या वाहत्या लोखंडालाच त्या धंद्यात ‘हॉट मेटल’ म्हणतात. लालबुंद सळई गरम असते, पण ती ‘हॉट मेटल’ नाही.

‘मॅग्मा’ आणि ‘लाव्हा’. जमिनीखाली असेपर्यंत मॅग्मा, मराठीत शिलारस. बाहेर पडला की लाव्हा. थंड होऊन दगड झाला तरी इंग्रजीत त्याला लाव्हाच म्हणतात, म्हणून ‘मोल्टन लाव्हा’ ही पुनरुक्ती नेहमीच होत नाही. वाहता आणि थिजलेला यांतला फरक सांगायचा असेल तेव्हा ते लागतं. मराठीत मात्र ‘वितळलेला लाव्हारस’ लिहू नका. ‘रस’ म्हटल्यावर तो वितळलेला आहे हे आलंच.

टप्पा 6: मराठीत आणताना

‘मोल्टन’साठी ‘वितळलेला’ हा पहिला पर्याय, आणि बहुतेक ठिकाणी पुरेसा. लिंगवचन सांभाळा: वितळलेला धातू, वितळलेली काच, वितळलेलं शिसं, वितळलेल्या क्षारांचं मिश्रण. इंग्रजी शब्द बदलत नाही म्हणून मराठीतही तो तसाच ठोकून दिलेला मी पाहिला आहे: ‘वितळलेला काच’.

मात्र ‘वितळलेला’मध्ये धग नाही हे विसरू नका. ‘मोल्टन’ म्हटलं की इंग्रजी वाचकाला गरमपणा वेगळा सांगावा लागत नाही. मराठीत ‘वितळलेलं प्लास्टिक’ गार झालेलंही असू शकतं. म्हणून जिथे धोका किंवा दृश्य महत्त्वाचं आहे तिथे एक शब्द जास्त द्या: ‘तप्त धातुरस’, ‘उकळता रस’ नव्हे, कारण उकळणं ही आणखी वरची पायरी आहे. लोखंड 1538 अंशांना वितळतं आणि उकळायला सुमारे 2860 अंश लागतात. ‘उकळतं लोखंड’ हे बातम्यांतलं लाडकं विशेषण तिथेच सोडून द्यावं.

सुरक्षिततेच्या पाट्या या बाबतीत सगळ्यात नाजूक. ‘कॉशन: मोल्टन मेटल’चं ‘सावधान: वितळलेला धातू’ इतकंच केलं, तर नवख्या माणसाला नेमकं काय टाळायचं ते कळत नाही. ‘सावधान: तप्त धातुरस’ हे योग्य. पुढे ‘पाणी नेऊ नका’ जोडायचा मोह होईल, आणि तो विनाकारण नाही. पाणी तप्त रसाखाली अडकलं तर क्षणात वाफ होऊन रस स्फोटासारखा उडतो. तरी मूळ पाटीवर पाण्याचा उल्लेख नसेल, तर तो आपल्या मनाने घालू नका. ज्यांची पाटी आहे त्यांना विचारा. पण ‘तप्त’ घालायला कोणाला विचारायची गरज नाही, तो अर्थ मूळ शब्दातच आहे.

इतर शब्द कुठे बसतात ते पदार्थानुसार. सोनं-चांदी आटवतात, पण ‘आटलेलं’ हा शब्द दूध आणि विहिरीसाठीही आहे, तेव्हा तांत्रिक लेखात ‘वितळवलेलं’च बरं. मेण आणि चरबी पाघळतात. लोखंड पाघळत नाही. डाख लावताना वापरायची कथील-शिशाची मिश्रधातूची तार 183 अंशांना वितळते. तिथे ‘वितळलेला डाख’ म्हणा. घट्ट होण्याची क्रियाही पदार्थ बघून निवडा: मेण थिजतं, पाणी गोठतं, ओतलेला धातू घट्ट होतो किंवा ‘बसतो’. ‘धातू गोठला’ चुकीचं नाही, पण वाचताना दाताखाली खडा लागतो.

‘मोल्टन सॉल्ट’साठी ‘वितळलेला क्षार’. ‘मीठ’ लिहायच्या आधी थांबा. सूर्याची उष्णता रात्रीसाठी साठवणाऱ्या वीज केंद्रांत जे वापरतात ते जेवणातलं मीठ नसतं. सोडियम नायट्रेट 60 टक्के आणि पोटॅशियम नायट्रेट 40 टक्के असं मिश्रण असतं, आणि ते सुमारे 290 ते 565 अंशांच्या दरम्यान फिरवतात. ‘द्रवरूप मीठ’ असं भाषांतर छापलं गेलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर मिठाचं पाणी येतं आणि आपण पहिल्या टप्प्यावर परत.

टप्पा 7: उपमा आणि अलंकार

थोडक्यात. इंग्रजीत मावळतीचा प्रकाश ‘मोल्टन गोल्ड’ होतो, रागही ‘मोल्टन’ होतो. प्रकाशाचं मराठी ‘वितळलेल्या सोन्यासारखा’ चांगलं उतरतं. रागाचं उतरत नाही. ‘वितळलेला राग’ म्हणजे शांत झालेला राग असंच कोणीही समजेल, म्हणजे बरोबर उलट अर्थ. तिथे धुमसता, रसरसता किंवा खदखदता राग घ्या.

उलट दिशेने, मन द्रवलं, हृदय पाघळलं हे सगळं ‘मेल्टेड’. ‘मोल्टन हार्ट’ म्हणजे कळवळलेलं मन नव्हे, छातीत भट्टी.

टप्पा 8: चाळणी लावून बघा

आता ही वाक्यं. आधी स्वतः ठरवा, मग उत्तर वाचा.

अ) ‘रात्री पडलेलं हिम सकाळी वितळलं होतं.’ इथे ‘हॅड मेल्टेड’. क्रियापद आहे, शिवाय हिमाला ‘मोल्टन’ शोभत नाही. दोन कारणं, दोन्ही पुरेशी.

आ) ‘कारागीर नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा उचलतो.’ ‘मोल्टन ग्लास’. पदार्थ त्या क्षणी तप्त आणि वाहता आहे. काच मधासारखी दाट असते, पाण्यासारखी पातळ नव्हे, तरी ‘मोल्टन’च.

इ) ‘जळालेल्या गाडीखाली वितळलेल्या अॅल्युमिनियमचे थेंब सापडले.’ सापडले तेव्हा थंड होते. ‘मेल्टेड’. घाई करणारे इथे हमखास पडतात, कारण धातू दिसला की हात ‘मोल्टन’कडे जातो.

ई) ‘लोण्यात वितळलेलं चॉकलेट मिसळा.’ ‘मेल्टेड’. ‘कशात?’ या प्रश्नाला इथे ‘लोण्यात’ असं उत्तर येतं, पण फसू नका. ते ‘मिसळा’चं उत्तर आहे, ‘वितळलेलं’चं नाही. चॉकलेट आधीच उष्णतेने पातळ झालेलं आहे.

उ) ‘आम्लात वितळलेलं जस्त.’ या वाक्याला ‘मोल्टन’ही नको, ‘मेल्टेड’ही नको. जस्त आम्लाशी रासायनिक क्रिया करून त्यात विरघळतं, इंग्रजीत ‘डिझॉल्व्ड’. शब्द बदलायचा आहे तो इंग्रजीतला नव्हे, आधी मराठीतला.